झाकण लावायला कोणी सांगितलं?

भूतबित म्हटलं की मी आधी त्याचा आवाज काढून दाखवायचो. विश्वास शून्य. आजही देवळात नारळ फुटला की माझं लक्ष खोबऱ्यावरच... पण हे घडलंय. तेही भर दुपारी.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. बीएस्सी करून मी भिवंडीत टेमघरला एका औषध कंपनीच्या लॅबला लागलो. काम एचपीएलसी मशिनवर, म्हणजे मिसळलेली रसायनं वेगळी करून ग्राफ काढणाऱ्या. एका औषधात दोन रसायनं अशी चिकटलेली, की ग्राफवर एकच डोंगर दिसायचा. आम्हाला दोन वेगळे पाडायचे होते. मिथेनॉल-पाण्याचं प्रमाण बदला, मशिनमधून सोडा, बघा... रोज तेच. आम्ही म्हणजे मी, कोन गावचा जितू आणि आमचे साहेब, तरे सर. सर नाकात बोलायचे. मी त्यांची नक्कल केली की जितू फसून उभाच राहायचा.

मशिनमधून निघालेलं मिथेनॉल टेबलाखालच्या काचेच्या मोठ्या बाटलीत पडायचं. झाकण कायम सैल. त्या दिवशी जितूने मशिन नायट्रिक ॲसिडने धुतलं आणि घाईत ते ॲसिडही त्याच बाटलीत सोडलं. दोन्ही एकत्र आली की गॅस होतो. झाकण सैल होतं म्हणून निघून तरी जात होता.

मी आणि सर बाहेरच्या खोलीत चहा पीत होतो. माझ्या तोंडात अख्खी खारी. तेवढ्यात लॅबमधून सरांचा आवाज आला, नाकातलाच —

"जितू, वास मारतोय रे. झाकण घट्ट लाव."

सर तर माझ्यासमोर. कप ओठाला.

"तू बोललास?" सरांनी विचारलं.

मी मानेनेच नाही म्हटलं. आतून जितू म्हणाला, "व्हय सर, लावलं."

आम्ही धावलो, दारापर्यंत पोचलो... आणि बाटली फुटली. जितू भिंतीवर आपटला. गालात काचा, हाताचं मांस लोंबतंय, ॲप्रनमधून धूर. मी पाणी ओतत होतो आणि तो ओरडत होता, "माजा डोला बघ... डोला हाय का?"

हॉस्पिटलात त्याच्या भावाने, दिनेशदादाने, मला धरून भिंतीवर आपटलं. मग लाथा. एक दात तिथेच पडला.

"जितू सांगतो, तूच सरांचा आवाज काडलास. मस्करी करतोस?"

सर मध्ये पडले. "अरे, हा माझ्यासमोर होता."

"तुमी त्याला वाचवनारच."

दुसऱ्या दिवशी जितूनेच सरांना आणि मला बोलावलं. डोळ्यांवर पट्ट्या. म्हणाला, "तेच बोला. आदी सर."

सर बोलले. मग दात पडलेल्या तोंडाने मी. दादाच्या हातात माझी कॉलर.

जितूने चाचपडत दादाचा हात धरला. मग म्हणाला, "दादा, सोड त्याला. तो आवाज पाटीमागून आलेला... मानेवर श्वास लागला. ह्यांच्यातला कुनाचाच न्हाय."

"मग व्हय सर का म्हनलास?"

"सावली पडलेली ना टेबलावर. वाटलं सरच उभे हायत."

लॅबला दार एकच, आणि ते आमच्या चहाच्या खोलीतून. आत कोण गेलं, मला अजून कळलेलं नाही. सरांनाही नाही. जितूचा डावा डोळा गेला. आम्ही अजून दोस्त आहोत. पण मी बोलायला लागलो की तो उरलेला डोळा माझ्या ओठांवरून काढत नाही.