वल्ह्याला कान

आमच्या वेळी समुद्र ऐकता यायचा. आता मिरकरवाड्याच्या धक्क्यावर इंजिनांचा असा गलका असतो की शेजारच्याची शिवी ऐकू येत नाही, तर पाण्यातला मासा कुठून येणार. पण आम्ही ऐकत होतो. घोळ मासळी थव्यानं आली की पोटातून आवाज काढते, ढुप-ढुप, ढुप-ढुप, लांबच्या देवळात कोणी ढोलावर बोटं मारावीत तसा. वल्ह्याचं पातं पाण्यात उभं सोडायचं, दांड्याच्या टोकाला कान लावायचा आणि सगळ्या होडीनं गप्प बसायचं. कोणी खोकला तर माझा बापूस त्याच्याकडे असा बघे की पुढचा खोकला तो घरी जाऊनच काढी.

बापूस तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, थोरला भाऊ सुकाणूवर, आणि कान माझा. मी दुसरीतून शाळा सोडली. मास्तर म्हणायचे, याच्या डोक्यात काही शिरत नाही. पण घोळ कुठल्या अंगाला आहे, जवळ येतेय की लांब जातेय, हे मी बसल्या जागी सांगत असे, आणि इतर होड्या आमच्या मागं मागं फिरत. ही बढाई असेल. पण खरी आहे.

सन तीसच्या पुढेमागे, एका सकाळी परत येताना खाडीच्या तोंडाशी वाऱ्यानं होडी उलटी केली. आम्ही बाकीचे पालथ्या होडीवर चढलो. थोरला भाऊ दिसेना. तो खाली जाळ्यात अडकला होता. माझा कान फळीवर होता, आणि तो आतून ठोठावत होता. आम्ही बुड्या मारल्या. पाणी गढूळ, जाळं गुरफटलेलं, हाताला काही लागेना. वर येऊन पुन्हा कान लावला. ठोठावत होता. मग थांबला.

हे मी एकट्यानंच ऐकलं. घरी कोणाला सांगितलं नाही. वयनीला, म्हणजे त्याच्या बायकोला, तर नाहीच.

दिवसकार्य झाल्यावर होडी पुन्हा पाण्यात घातली. पहिल्याच दिवशी वल्ह्याला कान लावला तर ढुप-ढुप, अगदी जवळ. मी हात वर केला. जाळं टाकलं, ओढलं. दोन खेकडे आणि एक फुटकं मडकं.

"घोळ मडक्यात बसून गेली काय रे?" एक खलाशी म्हणाला. सगळे हसले. पुढच्या खेपेलाही जाळं रिकामं आलं, तेव्हा कोणी हसलं नाही. ते जास्त लागलं. छाती धडधडायची, घाम फुटायचा. घरात वरवंटा आपटला तरी मी अंगणात पळायचो. झोप तर गेलीच.

बापसानं मला शहरातल्या डॉक्टरांकडे नेलं. हळू बोलणारे, भले गृहस्थ. नाडी धरली आणि म्हणाले, "धसका बसलाय. हे मिक्श्चर पंधरा दिवस घे. पंधराच." बाटलीला खाचा कापलेली कागदाची पट्टी डकवलेली, एका वेळेला एक खाच. चवीला खारट. पहिल्याच खाचेला अशी झोप लागली, आईनं डोक्यावरून हात फिरवावा तशी. त्या झोपेची आठवण अजून येते, खोटं कशाला बोलू.

पंधरा दिवस संपले, पण बाटली मी संपू दिली नाही. डॉक्टरांच्या कंपाउंडरला सरंगा मासा आवडायचा. वयनी बाजारात मासळी विकायला जाई, ती टोपलीत एक सरंगा त्याच्यासाठी बाजूला ठेवी आणि येताना बाटली आणी. एकीच्या दोन खाचा झाल्या, दोनाच्या तीन. छाती शांत झाली, घाम थांबला. होडीत बसून कान लावला, तर काहीच नाही. ठोठावणं नाही, घोळ नाही, पाणीसुद्धा नाही. कानात कापूस भरावा तसं. आणि त्याच सकाळी शेजारच्या होडीनं आमच्या नाकासमोरून जाळं भरून घोळ काढली.

उतरताना बापूस म्हणाला, "उद्यापासून तू पाणी उपस. कान दुसऱ्याचा बघतो."

घरी जाऊन मी बाटली जांभ्या दगडावर आपटून फोडली. मोठा शूर! दोन दिवसांत अंगणात आडवा, हातपाय उडतायत, दात वाजतायत. डॉक्टर स्वतः वाडीत आले.

"एकदम सोडायला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मीच."

"आणि पंधरा दिवसांच्या पुढं घ्यायला?"

"तेही मीच."

"समुद्रातलं सगळं ऐकतोस म्हणे. आता थोडं माझं ऐक." त्यांनी नवी बाटली दिली, मग पुढची, आणि प्रत्येकीची खाच आधीपेक्षा लहान. कंपाउंडरचा सरंगा बंद झाला.

खाचा लहान झाल्या तशी धडधड परत आली. एकदा ओहोटीला होडी गुडघाभर पाण्यात होती, मी एकटा वल्ह्याला कान लावून बसलेला. वयनी टोपली घेऊन पाण्यातून आली.

"काय ऐकता, भावोजी?"

"काही नाही."

"काही नाही ऐकताना एवढा घाम येतो?"

मान वर न करता मी म्हटलं, "दादा ठोठावतोय." आणि फळीखालचं सगळं सांगून टाकलं.

ती टोपली होडीत ठेवून म्हणाली, "सरका." बाईमाणसानं वल्ह्याला कान लावलेला मी तेवढाच पाहिला. तिनं डोळे मिटले होते. "मला नाही येत ऐकू," ती म्हणाली, आणि आवाज असा, की यायला हवं होतं तिला.

मग तिनं डॉक्टर धरतात तसं माझं मनगट धरलं आणि माझाच अंगठा नाडीवर ठेवला. "आता लावा कान. इथलं आणि तिथलं एकच आहे?"

एकच होतं.

"मग ठोठावणारे ते नव्हेत. तुमची छाती आहे ती." तिनं टोपली उचलली. "चला, बाजार उठेल."

पुढं होडीत पाणी उपसून झालं की मी मनगट धरून कान लावून बसे. नाडीशी जुळतं ते माझं, ते बाजूला ठेवायचं. बरेच दिवस बाजूला ठेवण्यातच गेले. एका सकाळी त्याच्या खालून दुसरंच काहीतरी आलं, नाडीशी न जुळणारं.

"बा, घोळ."

"पाणी उपस."

"उपसतो. पण उजव्या अंगाला आहे, आणि लांब जातेय."

"आणा मडकं," तो खलाशी म्हणाला.

बापसानं माझ्याकडे बघितलं. "टाका जाळं. खेकडे निघाले तर यालाच खायला घालू, कवचासकट."

जाळं वर येताना होडी एका अंगाला कलली. ती पिवळी, जड घोळ, आणि बापसाचं ते मोठ्यानं खोकणं! डोळे भरले की तो खोकायचा. तसली सकाळ पुन्हा मिळणार असेल तर मी आजही वल्हं धरीन, हात चालोत न चालोत.

ठोठावणं पुरतं गेलं नाही. पण ते कोणाचं, हे मला कळू लागलं होतं.

किनाऱ्यावर वयनी उभी होती. तिनं आधी मासळी नाही, माझं मनगट बघितलं. त्यावर नख उमटलं होतं.

"घट्ट धरलंत," ती म्हणाली. मग ढिगातून एक चांगली घोळ उचलून टोपलीत वेगळी ठेवली. "ही डॉक्टरांना. बाटली नाही आणायची."