अल्फहिल्डच्या नावातला खिळा

सिग्ने टॉरेसनला एका जागी बसवत नसे. मिनेसोटातल्या त्या गावात तिच्या थोरल्या बहिणीचा, अल्फहिल्डचा, छापखाना होता. सिग्ने तिथे चाळीस वर्षं खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवत होती. पण जेवतानासुद्धा तिचा एक पाय हलत असायचा. अल्फहिल्ड म्हणायची, "तुला खुर्ची म्हणजे शिक्षाच आहे बाई."

दोघींची खरी भांडणं एका टाइपावरून. ठळक, उजवीकडे झुकलेली, टोकांना बारीक पाय फुटलेली अक्षरं. सरळ अक्षरं ढकलून तिरकी केलेली नव्हेत. भरभर लिहिणाऱ्या हाताचं वळण शिशात ओतलेलं होतं. चर्चमधल्या लुटेफिस्क या नॉर्वेजियन माशाच्या जेवणाची अख्खी जाहिरात त्यातच लावावी, असं सिग्नेला वाटे. अल्फहिल्ड एका शब्दापलीकडे परवानगी देत नसे.

"मीठ आहे ते, बटाटे नव्हेत."

या टाइपात एफचा वरचा वाकलेला आकडा खिळ्याबाहेर लोंबतो. शेजारी उंच अक्षर आलं की मध्ये कागदाची पट्टी सरकवायची, नाहीतर फर्मा, म्हणजे जुळवलेल्या खिळ्यांची चौकट, आवळताना आकडा तुटतो. सिग्नेला ती फट डोळ्यांत खुपायची. पट्टी टाळून तिने आजवर अकरा एफ मोडले होते. अल्फहिल्डच्या नावात तर एफला चिकटूनच उंच एच. "माझं नाव तू लावूच नकोस," ती हसून बजावायची.

१९६१च्या मार्चमध्ये अल्फहिल्ड गेली. तीन दिवस सिग्ने नुसती धावत होती: शवपेटी, फुलं, फरशी, पुन्हा तीच फरशी. दफनाच्या दिवशी सकाळी प्रार्थनेला वाटायची नव्वद कार्डं छापायची राहिली होती. दुपारी दोनला प्रार्थना. खिळ्यांच्या केसमध्ये त्या टाइपाचा एकच धड एफ उरला होता, आणि बहिणीचं नाव त्याच टाइपात गेलं पाहिजे, या एका गोष्टीवर सिग्ने अडून बसली होती.

तिने मुकाट्याने पट्टी घातली, प्रूफ काढलं. नाव मधोमध तुटल्यासारखं दिसत होतं. अल्फ कुणी वेगळी, हिल्ड कुणी वेगळी. सिग्नेला ते बघवेना. तिने पट्टी उपसली आणि फर्मा आवळला. टक् असा बारीक आवाज झाला.

स्वतःचा इतका राग तिला कधी आला नव्हता.

आकडा तुटलेल्या एफनेच तिने नव्वद कार्डं छापली. मग दौत आणि टाक घेऊन बसली आणि एकेका एफला आकडा काढू लागली. एचला जेमतेम टेकणारा, झुकलेला, शेवटी थेंबासारखा जाड.

अकराला पाद्र्याची बायको मारित कार्डं न्यायला आली. जरा वेळ बघत राहिली.

"अगं, कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही."

"तिच्या आलं असतं."

"सरळ टाइपात लावायचं होतंस मग."

"सरळ टाइप गुरांच्या बाजाराच्या जाहिरातीला. बस तिकडे, आणि बोलू नकोस."

मारित बसली. दीड वाजता नव्वदावं कार्ड वाळत पडलं. सिग्नेने टाक पुसला, दौतीला बूच लावलं, टेबलही पुसलं. आता करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. तेव्हा तिला रडू फुटलं, पहिल्यांदाच, आणि ते लवकर थांबेना. मारितने चर्चमध्ये निरोप धाडला. पाद्र्याने त्या दिवशी घंटा अडीचला वाजवली.