उजव्या हातातल्या सात बांगड्या

सुरुवातीलाच सांगून टाकते – मी गणित शिकवते. शाळेत एखाद्या मुलीच्या अंगात आलं म्हणून धावपळ झाली, की शेवटी मलाच बोलावतात. कारण मी अंगारा न लावता तिला साखर-मिठाचं पाणी पाजते आणि सकाळपासून काय खाल्लंस ते विचारते. बहुतेक वेळा पोर उपाशीच असते. या सदरातले गूढ अनुभव वाचून मी आजवर हसतच आले. आज स्वतः लिहायला बसलेय... तर तुम्हीही हसा, हरकत नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा.

माझं माहेर भिवंडीचं. ऐंशी सालाच्या आसपास आमच्या जुन्या बाजारपेठेत दिवसभर पाय ठेवायला जागा नसायची. तांब्या-पितळेची दुकानं, कापडवाले, छत्री दुरुस्त करणारा, फोटो स्टुडिओ आणि त्यांच्यामध्ये एका खणाचं, फळ्यांच्या दाराचं खातूनबींचं बांगड्यांचं दुकान. खातूनबी कोकणी मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच. आमच्या आळीतल्या निम्म्या नवरीमुलींचे चुडे त्यांनी भरलेले. आईला त्या ‘वयनी’ म्हणायच्या आणि आमची आई त्यांच्याशिवाय कुणापुढे हात करायची नाही.

त्याला कारणही होतं. त्र्याऐंशीत आई न्हाणीघरात घसरून पडली आणि उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हाड वाकडं जुळलं होतं. अंगठा तळहातात दुमडेचना! आणि अंगठा दुमडला नाही तर मापाची बांगडी हातात जाणार कशी? मोठ्या मापाच्या घातल्या तर त्या कोपरापर्यंत घरंगळायच्या आणि धुण्याच्या दगडावर आपटून वाढायच्या. हो, आमच्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात.

खातूनबींनी मात्र त्या हाताची नस ओळखली. तसल्यात, म्हणजे पसरट भांड्यात, गरम पाणी घ्यायच्या, आईचा हात त्यात शेकवायच्या आणि मग हाडाला कुठूनशी बगल देऊन बांगडी अलगद मनगटात उतरवायच्या. मी शेजारी बसून बघितलंय. कसं करायच्या ते मला तेव्हाही कळलं नाही.

चौऱ्याऐंशीच्या दंगलीत गावात जे झालं ते इथे सांगत बसत नाही. भिवंडीच्या माणसाला ते सांगावं लागत नाही. गाव हळूहळू शांत झालं, पण आमच्या आळीतल्या बायका खातूनबींकडे जायच्या थांबल्या. कुणी बंदी घातली नव्हती. सगळ्यांनी आपापलं ठरवलं आणि सगळ्यांचं एकच ठरलं. फक्त आई जात राहिली.

तिला मी थांबवलं. मी तेव्हा सोळा वर्षांची, जगातलं सगळं कळत असल्याच्या वयाची. एक दिवस शाळेतून आले आणि दप्तर आपटून म्हटलं, “तू त्या दुकानात जाऊ नकोस. वर्गातल्या मुली मला बोलतात.” आईने माझ्याकडे नुसतं बघितलं. पुन्हा गेली नाही. उजव्या हातातल्या बांगड्या एकेक करत वाढल्या आणि वर्षभरात तो हात रिकामा झाला. सवाष्ण बाईचा रिकामा हात... हळदीकुंकवाला गेली की ती तो पदराखाली धरायची. मी ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

सत्त्याऐंशीत खातूनबींचं दुकान बंद झाल्याचं कानावर आलं. का, ते कुणी विचारलं नाही. तोवर बाजारपेठेलाच उतरती कळा लागली होती. एस. टी. स्टँडकडे नवी काचेची दुकानं निघाली, बांगड्या खोक्यात तयार मिळायला लागल्या.

माझं लग्न ठरलं एक्क्याण्णवच्या मे महिन्यात, रविवारचा मुहूर्त. बुधवारी घरी बांगड्या भरायला कल्याणचे कासार आले. माझा चुडा झाला, काकू-मावश्यांचे हात झाले. आईचा डावा हात झाला. उजव्या हाताला त्यांनी साबण लावला, तेल लावलं, तरी तीन बांगड्या लागोपाठ वाढल्या आणि तिसरीची काच आईच्या हातात घुसली. आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, “मुलीची आई कन्यादानाला रिकाम्या हाताने बसणार? कसं दिसेल ते!” रक्त पुसून आई आत गेली आणि पोहे परतायला लागली.

शुक्रवारी दुपारी जेवणं आटपल्यावर “आलेच” म्हणून ती बाहेर पडली. पाचच्या सुमारास परतली, तेव्हा तिच्या उजव्या हातात हिरव्यागार सात बांगड्या होत्या. काचेच्या. सव्वादोनच्या मापाच्या, मनगटाला चिकटून बसलेल्या. मी हात हातात घेऊन पाहिलं. बुधवारची जखम सोडली तर ओरखडासुद्धा नव्हता.

“कुणी भरल्या?”

“खातूनबींनी.”

घरातल्यांना काय... आत्या खूश, सगळे खूश. लग्नघरात कोण चौकशी करणार? पण मला माहीत होतं, ते दुकान चार वर्षं बंद आहे.

मांडव पडल्यावर नवरीने घराबाहेर पडू नये म्हणतात. शनिवारी सकाळी सातला, हळदीच्या आधी, मी मागच्या दाराने निघाले आणि बाजारपेठेत गेले. कितीतरी दिवसांनी तिथे नीट बघत चालले होते. स्टुडिओच्या काचेत एक नवरी अजून बसलेली, उन्हाने तिचा शालू निळसर पडलेला. छत्रीवाल्याच्या जागी सुताची पोती रचलेली. कापडाच्या दुकानाच्या पाटीवरची निम्मी अक्षरं गळालेली. गावभर रात्रंदिवस कापड विणलं जातं आणि गावातलं कापडाचं दुकान ओस! मला उगाच लाज वाटली, जणू हे सगळं माझ्याच पाठीमागे घडलं होतं.

खातूनबींच्या दुकानाच्या फळ्या जागेवर होत्या. कुलूप गंजून लाल झालेलं. फळ्यांवर निवडणुकीची पोस्टरं आडवी चिकटवलेली, एकही कुठे फाटलेलं नाही. एक फळी जरी सरकवली असती तरी कागद टरकला असता.

शेजारचे पितळेवाले काका ओट्यावर पाणी मारत होते. मी विचारलं, “काका, काल दुपारी हे दुकान उघडलं होतं?”

“कसलं उघडतंय, पोरी! काल जुम्मा, लूम बंद, गिऱ्हाईक न्हाय. दिवसभर हितंच बसलो होतो.” मग पाण्याचा तांब्या खाली ठेवून म्हणाले, “तुझी आई आली होती पण.”

“इथे?”

“त्या पायरीवर बसली होती, तासभर. फळ्यांकडं तोंड करून... हात असा पुढं धरलेला. मला वाटलं, उन्हानं दमली असंल. पाणी देऊ का विचारलं, तर वळून पण बघितलं न्हाय.”

“एकटीच होती?”

“मग कोण असणार?” काकांनी तांब्या परत उचलला. “जाताना बांगड्या वाजत होत्या तिच्या. तेवढं ऐकलं मी.”

मला भूत-बीत काही आठवलं नाही. मला आठवलं ते डॉक्टर. आईच्या डोक्यावर परिणाम झाला असणार, आणि तोही नेमका माझ्या लग्नात. घरी आल्या आल्या तिला कोठीच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि काका जे म्हणाले ते सांगितलं.

“फळ्या काढलेल्या होत्या गं,” आई अगदी शांतपणे म्हणाली. “आत बसल्या होत्या. म्हणाल्या, किती दिसांनी आलास, वयनी. तसलं पुढ्यातच होतं.”

“आई, खोटं तरी बोलू नकोस!”

“तू जाऊ नको म्हणालीस तेव्हा मी गेले नाही. आता तू तुझ्या घरी चाललीस... म्हणून गेले.”

यावर मी काय म्हणाले तेही लिहून टाकते. म्हणाले, “हे आणखी कुणाजवळ बोलू नकोस. सासरच्यांच्या कानावर गेलं तर म्हणतील, मुलीची आई वेडी आहे.”

आई “बरं” म्हणाली. सात वर्षांत दुसऱ्यांदा मी तिला गप्प केलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने भरल्या हातांनी माझं कन्यादान केलं. त्या विषयावर पुन्हा अक्षर काढलं नाही.

मी ठाण्याला सासरी आले, पण त्या बांगड्या डोक्यातून जाईनात. उदाहरण सुटलं नाही की मला झोप येत नाही, हा माझा जुना दोष. पुढच्या मे महिन्याच्या सुट्टीत माहेरी गेले आणि पितळेवाल्या काकांना खातूनबींच्या घरच्यांचा पत्ता विचारला. काकाही दुकान आवरायला काढून बसले होते, घंगाळी किलोवर चालली होती. म्हणाले, मुलगा युनूस लूमवर ड्युटी करतो, नदीनाक्याकडे चाळीत राहतो. आमच्या घरापासून चालत फार तर अर्धा तास!

युनूस शिफ्टला गेला होता. त्याची बायको शमीम दारात आली, कडेवर वर्षाची मुलगी. मी ओळख सांगितली आणि विचारलं, खातूनबी कधी गेल्या?

“गेल्या?” शमीम दचकली. “अम्मा अंदर हैं ना!”

सत्त्याऐंशीत खातूनबींना अर्धांगाचा झटका आला होता. दुकान त्यामुळे बंद पडलं. तेव्हापासून त्या खाटेवर. उजव्या हाताची मूठ वळली ती वळलीच. नखं कापायची तरी दोन माणसं लागायची, शमीम म्हणाली.

“एक ही बार खुली,” ती आपणहून सांगायला लागली. “पिछले साल. जुम्मा होता, लूम बंद. दोपहर को अम्मा ने गरम पानी मांगा. मी ग्लास आणला तर बोली, तसल्यात दे. और फिर हाथ खुल गया, बाजी! बोटं अशी अशी चालायला लागली... जैसे किसी को चूड़ी भर रही हो. थांबायची, परत करायची. माथे पे पसीना. आम्हाला वाटलं, आखिरी वक्त आ गया.”

“मग?”

“थोड्या वेळाने हसली. और मुट्ठी फिर बंद.”

मी विचारलं, पिछले साल म्हणजे नक्की कधी? तारीख तिच्या ध्यानात असायचं कारण नव्हतं. पण ती कडेवरच्या मुलीला थोपटत म्हणाली, “ये दूसरे दिन पैदा हुई ना.”

मी मुलीचा जन्मदाखला बघायला मागितला. तिला विचित्र वाटलं असणार, तरी तिने पेटीतून काढून दिला. त्यावर माझ्या हळदीची तारीख होती. तोच शनिवार. शमीमने मला बसायला स्टूल दिलं.

मग आत गेले. खातूनबी इतकुशा झाल्या होत्या. खाटेजवळ वाकून म्हटलं, “खाला, मी तुमच्या वयनींची मुलगी. लग्न झालं माझं गेल्या वर्षी.” त्यांचं बोलणं अर्ध्या तोंडातून यायचं, पण शब्द मला स्वच्छ कळले.

“वयनीचा हात दुखला तर न्हाय नं?”

मला ते ठाऊकच नव्हतं. बांगड्या बघितल्या, फळ्या बघितल्या, पोस्टरं तपासली, आईला खोटारडी म्हटलं, वेडी ठरवलं... पण हात दुखला का, एवढं काही मी तिला विचारलं नव्हतं. सहा वर्षं रिकामा होता, तेव्हाही नाही.

झाल्या प्रकाराचा उलगडा मला झालेला नाही. माझी एक डॉक्टर मैत्रीण म्हणते, अर्धांगात कधी कधी हात आपोआप हलतो. हलत असेल. आई भ्रमात होती म्हणावं, तर तेही म्हणा. पण मग बांगड्या कुठून आल्या? अंगठ्याचं ते हाड ओलांडून कुणी घातल्या? मी कागदावर मांडून पाहिलं, मनात मांडून पाहिलं. एक बाजू दुसरीशी जुळत नाही, आणि आता जुळवायचा प्रयत्नही मी सोडलाय.

त्या दिवशी मात्र मी तशीच तडक घरी गेले. आई तांदूळ निवडत बसली होती. तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. दाखल्यावरच्या तारखेपासून खातूनबींनी विचारलेल्या प्रश्नापर्यंत सगळं. तारखेचं तिला काहीच वाटलं नाही. तिने मला एकदाच मध्ये थांबवलं – “पाच वर्षं अंथरुणावर?” – आणि पदर तोंडाला लावला.

मग मी विचारलं, “आई, त्या दिवशी हात दुखला का गं तुझा?”

तिने माझ्याकडे बघितलं. कितीतरी वर्षांनी नीट बघितलं असं मला वाटलं.

“नाही गं. जरासुद्धा नाही.”

तांदळाचं ताट बाजूला सारून ती उठली आणि पायात चपला घालायला लागली. बाहेर दुपारचं ऊन रणरणत होतं. मी म्हटलं, संध्याकाळी जाऊ.

“नको,” ती म्हणाली. “विचारलंय त्यांनी. वाट बघत असतील.”