तिबोच्या साच्यातलं शिसं

तुमच्या गळाच्या डब्यात शिसं आहे का? "असेल थोडंसं" म्हणणार असाल, तर हे तुमच्यासाठीच लिहिलंय.

रोझेर तिबोकडेही थोडंसंच होतं. म्हणजे बादलीभर. कागद गिरणीतून निवृत्त झालेला हा एकाहत्तर वर्षांचा माणूस टर्नबुल सरोवराच्या मेन राज्याकडच्या काठावर राहतो आणि सरोवर आपल्या बापाचं समजतो. गॅरेजवाल्यांनी टाकलेलं शिसं गोळा करायचं, शेगडीवर वितळवायचं, बापाने कोरलेल्या लोखंडी साच्यात ओतून गळ बुडवायच्या गोळ्या पाडायच्या, हा त्याचा हिवाळ्यातला धंदा. प्रत्येक गोळीवर देवदाराचं इवलंसं झाड उमटायचं. खानदानी मिजास! विकायचा नाही, मुठी भरभरून वाटायचा. दिलदार माणूस, असं सगळे म्हणायचे. माझ्या डोक्यात तिडीक जायची.

कारण मी दर शनिवारी होड्यांच्या धक्क्यावर दोन बरण्या घेऊन उभी असते. एकीत शिसं टाका, दुसरीतून कथलाच्या गोळ्या घ्या, फुकट. सरोवराच्या मधून राज्याची हद्द जाते, पलीकडे न्यू हॅम्पशायर. एक औंसापर्यंतच्या शिशाच्या गोळ्या गळाला लावायला दोन्ही काठांवर बंदी आहे. पण हद्द दिसली की इथल्या प्रत्येकाला वकिली सुचते.

"कोरीन, पोरी, बंदी विकण्यावर आहे. मी विकतो कुठे?"

"वापरण्यावरही आहे, काका. पत्रक वाचा."

"ते पलीकडच्यांचं."

"आणि पलीकडे गेलात की अलीकडचं! तुम्ही राहता कुठे, रेघेवर?"

शेजारच्या होडीतले खो खो हसले. तिबो थुंकला आणि निघून गेला.

आमिषाच्या बाबतीतही हीच अक्कल. गेल्या वसंतात पलीकडच्या दुकानातून जिवंत मासोळ्यांची बादली घेतली आणि वल्हवत घरी आणली. बाहेरून जिवंत मासोळी मेनमध्ये आणता येत नाही, सोबत रोग येतात, परक्या जाती येतात. अधिकाऱ्याने धरलं तर म्हणे, "पाणी तर एकच आहे!" अहो, पाणी एक असेल, मासोळ्या कुठल्या तळ्यातल्या होत्या? दंड भरला, आणि सरकार मूर्ख आहे असं महिनाभर गावाला सांगत फिरला.

एकाच गोष्टीवर त्याचा जीव होता. त्याच्या घरासमोरच्या वळणात दर उन्हाळ्यात लूनची जोडी घरटं करायची. काळा-पांढरा, लाल डोळ्यांचा हा पाणपक्षी. नर कोणता, मादी कोणती हे जाणकारांनाही चटकन सांगता येत नाही, पण याने ठरवून टाकलं होतं. मादीचं नाव 'मादाम'. तिच्याजवळून कुणी मोटरबोट नेली की हा काठावरून फ्रेंचमध्ये शिव्या द्यायचा.

"काका, लून तळातले खडे गिळतो, पोटात अन्न दळायला. तुमची गोळी खड्यासारखीच दिसते. अंगात शिशाचं विष भिनायला एक पुरते."

"माझ्या मादामला कळतं गं खडा कुठला ते!"

जुलैत एका सकाळी तो धक्क्यावर आला. कोटात गुंडाळलेली मादाम, मान लुळी.

"कोरीन, कर काहीतरी. पिल्लू एकटं आहे पाण्यात."

आम्ही पक्ष्यांच्या दवाखान्याकडे गाडी पिटाळली. दुपारच्या आत ती गेली. डॉक्टरीणबाईंनी पोट उघडलं आणि ताटलीत एक गोळी ठेवली. झिजलेली, पण देवदाराचा शेंडा शाबूत.

"पलीकडच्या कुणीतरी टाकली असेल," तिबो पुटपुटला.

"काका, काठ शोधू नका आता. साचा कुणाचा आहे?"

पुढच्या शनिवारी तिबो बादली घेऊन आला, वर साचा ठेवलेला. साचा बरणीत मावेना. दोनदा दाबून पाहिला, मग माझ्या पायाशी ठेवला.

"लोक विचारतील," तो म्हणाला.

"सांगा खरं."

आता गाव म्हणतं, केवढं मोठं मन! कसलं मन? पक्षी हातात मेला तेव्हा डोळे उघडले, एवढंच. पिल्लाला बाप एकटा वाढवतोय, आणि तिबोने तीस वर्षं वाटलेल्या गोळ्या अजून तुमच्या डब्यांत पडल्या आहेत. शनिवारी मी धक्क्यावर आहे. तो डबा आत्ता उघडा, झाड असो वा नसो, शिसं तेवढं वेचून माझ्या बरणीत आणून टाका.