देवाच्या बोकडाच्या लेंड्या

“मग डब्बल डोस पाजू का, सायेब?” झरीच्या मारोतरावांनी औषधाची बाटली हलवतच विचारलं.

मी हात धरला. कळपातल्या निम्म्या शेळ्या गाभण होत्या. जंतांचं हे औषध जास्त झालं तर शेळी गाभडू शकते.

पण त्यांना घाबरवलं होतं माझ्याच रिपोर्टनं. मी लॅबमध्ये जनावरांचं शेण, लेंड्या तपासतो. एका ग्रॅममध्ये जंतांची किती अंडी, तो आकडा म्हणजे ईपीजी. डोसआधी होता अकराशे. डोसनंतर दोन आठवड्यांनी नऊशे. औषध खरं असेल तर आकडा जवळपास संपायला हवा.

माझं डोकं फिरलं. बोगस औषधं शेळीवाल्यांच्या गळ्यात मारणारे थोडे नाहीत. त्यांच्याविरुद्ध मी गावोगाव पत्रकं वाटलीत. आताही दुकानदाराच्या नावासकट मजकूर तयार केला आणि लॅबच्या मॅडमना फोन लावला.

“जनावरं कशी आहेत?”

“मॅडम, आकडा नऊशे आहे!”

“ते ऐकलं. जनावरं कशी आहेत?”

शेळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या. जंत रक्त पितात तेव्हा पापणी आतून पांढरीफटक पडते. इथे चांगली लालसर. हगवणही थांबलेली. शेळ्या म्हणतात औषध लागू पडलं, लेंड्या म्हणतात नाही. खोटं कोण बोलतंय?

काम वाचावं म्हणून लॅबमध्ये दहा जनावरांच्या लेंड्या एकत्र खलून एकच आकडा काढतात. मीही तेच केलं होतं. आता प्रत्येकाच्या वेगळ्या घेतल्या. नऊ स्लाइड जवळपास कोऱ्या. दहावीत मात्र अंडीच अंडी; ईपीजी नऊ हजारांच्या घरात. दहा जणांत वाटला की झाले नऊशे!

“काका, हा दहावा नमुना कोणाचा?” मी परत झरीला जाऊन मारोतरावांना विचारलं.

“त्यो? देवाच्या बोकडाचा.”

“त्याला डोस दिला होता?”

“अवो, देवाच्या नावानं सोडलेला हाय त्यो. त्याच्या तोंडात नळी कशी खुपसावी? अंगारा लावताव आमी.”

“अन् त्याच्या लेंड्या पडायल्यात सगळ्यांच्या चाऱ्यात! तीच अंडी उद्या गाभण शेळ्यांच्या पोटात.”

 मारोतरावांच्या बायको, गोदाकाकू, चुलीपासून ओरडल्या, “नळी चालत न्हाई, निवद तर चालतो की!”

मी वजनाच्या अंदाजानं औषध मोजून दिलं. काकूंनी ते भाकरी-गुळाच्या काल्यात कालवलं. बोकडानं ताट चाटून पुसलं, वर काकूंच्या पदरालाही तोंड लावलं.

“बघा, देवाची लय भूक हाय,” काकू म्हणाल्या.

पुढच्या तपासणीत बोकडाची स्लाइडही इतरांसारखीच निघाली. दुसरा डोस कोणालाच लागला नाही. गाभण शेळ्या सगळ्या नीट व्यायल्या.

पत्रकातून मी दुकानदाराचं नाव काढलं. बाकी मजकूर तसाच आहे. बोगसवाले काही संपलेले नाहीत. फक्त सर्वांत वर एक प्रश्न घातलाय: औषधाला शिव्या देण्याआधी सांगा, ते पाजलं नाही कोणाला?