होयबाच्या मानेचा फोटो

पडद्यांच्या कापडाच्या दुकानात तो नोकरीला लागला तेव्हा त्याला चांगलं नाव होतं. पुढे सगळे त्याला होयबा म्हणायला लागले, आणि त्यालाही त्याने मान हलवली. गिऱ्हाईक म्हणालं, हा हिरवा जरा निळाच वाटतो, की होयबाची मान हले. बरोबरची सासू म्हणाली, छे, चांगला हिरवागार आहे, की पुन्हा हले. दोघी खूश होऊन जात आणि दोन्ही रंगांचे पडदे खपत. असा माणूस कुठल्या मालकाला नको असेल?

मग उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. कापड कापता कापता कात्री गळून पडायची. मालक कात्री दुसऱ्याच्या हातात देऊ लागला आणि होयबाचं धाबं दणाणलं. डॉक्टर म्हणाले, मानेत नस दबतेय. कुठे, ते एमआरआयचं चित्र स्वच्छ आलं तरच कळेल.

मशीनवरच्या मुलीने त्याचं घड्याळ, पट्टा, चष्मा, खिशातल्या टाचण्या आणि गळ्यातला मापाचा टेपसुद्धा काढून घेतला. टेपशिवाय त्याला उघडंनागडं वाटायला लागलं. हातात दिलेल्या झग्याचं कापड त्याने सवयीने चिमटीत धरून पाहिलं. अगदीच पातळ, धुतल्यावर आटणारं.

"काका, हृदयात पेसमेकर बसवलाय?"

होयबाने मान हलवली.

मुलीचं पेन थांबलं. "शरीरात कुठे स्क्रू, प्लेट, बंदुकीचे छर्रे?"

होयबाने मान हलवली.

मुलीला संशय आला. "काका, तुम्ही गरोदर आहात?"

होयबाने क्षणभर विचार केला. समोरच्याला नाराज कशाला करायचं, म्हणून मान हलवली.

शेवटी बाहेर बसलेल्या बायकोला आत बोलवावं लागलं. "ह्यांच्या अंगात काही नाही गं बाई," ती म्हणाली. "ह्यांचा नंदीबैल झालाय, एवढंच." उरलेले प्रश्न मुलीने तिलाच विचारले.

होयबाला मशीनमध्ये आडवं घातलं. तोंडावर पिंजरा, कानांवर हेडफोन, मुठीत घाबरल्यावर दाबायचा रबरी फुगा. काचेपलीकडून मुलीचा आवाज आला, "अजिबात हलायचं नाही. कळलं ना?"

होयबाने मान हलवली.

चित्रात त्याला दोन माना आल्या. मग मुलीने न बोलता मशीन चालू करून पाहिलं. पण आता मशीनच ठक ठक ठक करून काहीतरी म्हणत होतं, आणि होयबा त्यालाही होकार देत होता. ह्या खेपेला तीन माना आल्या.

"काका, आता नाही जमलं तर महिन्याने या. मधल्या सगळ्या तारखा भरल्यात."

महिना! तोवर कात्रीच काय, चहाचा कप तरी हातात राहील का? होयबाने दात आवळले, डोळे मिटले, आणि मान हलवली.

हेडफोनमध्ये कसलीतरी कुजबुज झाली. मग बायकोचा आवाज आला. "मला बोलू दे. आजवर माझ्या बोलण्यावर ह्यांची मान एकदाही हललेली नाही."

मशीन पुन्हा सुरू झालं.

"नळ गळतोय," बायको म्हणाली. "सांगून सांगून माझं तोंड दुखलं."

होयबा दगडासारखा पडून होता.

"वा! काकू, थांबू नका," मुलगी म्हणाली.

हे काकूंना सांगायची गरज नव्हती. "जगाच्या खिडक्यांना पडदे लावता आणि आपल्या खिडकीला अजून जुनी चादर. लेकीचा फोन आला की लगेच माझ्या हातात देता. जेवताना मी बोलते आणि तुम्ही पेपर वाचता." एकामागून एक सुरेख फोटो निघत होते. होयबा मात्र आत हळूहळू वितळत चालला होता, कारण ह्या वेळी तोंडापुढे धरायला पेपर नव्हता.

"आता शेवटचा," मुलगी म्हणाली. "हाच सगळ्यात महत्त्वाचा."

बायकोचा आवाज खाली आला. "तुम्ही झोपलात की मी तुमची बोटं चोळत बसते. गार लागतात हो. सकाळी तुम्ही गुपचूप कात्री उचलून बघता, ते मी दारातून बघते. मला फार भीती वाटते. हात नाही राहिला तरी मी भरवीन तुम्हाला. पण त्या घरात मी एकटीच बोलत असते, ते आता नाही सोसवत. ऐकताय ना?"

होयबाने मान हलवली. एवढ्या मनापासून, की नाक पिंजऱ्यावर आपटलं.

"गेला!" मुलगी ओरडली. "काकू, मान हलली!"

"हलली?" बायको म्हणाली. "खरंच हलली?"

थोडा वेळ हेडफोनमध्ये नुसता नाक ओढल्याचा आवाज येत राहिला.

"अजून एकदा घे बाई," ती म्हणाली. "मी काही विचारत नाही आता."

मुलीने घड्याळाकडे न बघता पुन्हा बटण दाबलं. ह्या वेळी कोणीच बोललं नाही. मशीन ठोकत राहिलं. होयबाच्या डोळ्यांतलं पाणी दोन्ही बाजूंनी ओघळून हेडफोनच्या आत शिरत होतं, कानांत गुदगुल्या करत होतं, पण तो तसूभरही हलला नाही.