शेंड्यावरचं पाणी

लेकीनं लग्न आपल्या मनानं केलं. मी गेलो नाही. बायको एकटीच जाऊन आली.

लेक बंगळूरला राहायला गेली आणि बरकतपुऱ्यातल्या आमच्या बाल्कनीत तिची एक कुंडी उरली. लिकुआला जातीचा पाम. गोल, चुण्या घातल्यासारखी पानं. वर्षाला दोन आली तरी नशीब. इकडं सहसा कुणाकडं दिसत नाही. तिनं लावलेलं बी रुजायलाच वर्ष गेलं होतं. काही महिन्यांनी तिचा फोन आला, माझ्याच मोबाइलवर. "पप्पा, पाम कसाय?" तेव्हापासून दर रविवारी मी व्हिडिओवर पाम दाखवायचो, ती बघायची. दुसरं बोलणं नव्हतं. मला तेवढं पुरत होतं.

म्हणून जपायला लागलो. रस्त्याची धूळ बसते, तर रोज सकाळी तांब्यानं वरून पाणी ओतायचो, अगदी शेंड्यावर. बायको म्हणायची, "अहो, पोरीला कधी न्हाऊ घातलं नाही तुम्ही. याला आता उटणंबी लावा!"

पावसाळ्यात नवं पान मिटलेलंच राहिलं. जरा ओढलं तर अख्खं हातात आलं. बुडाशी काळं, कुजका वास. या पामला वाढायची जागा एकच, शेंड्यातला गाभा. तो गेला की फुटवा नाही, काही नाही. बाकीची पानं मात्र महिनोन्महिने हिरवी राहतात. मी ते पान परत खोचून ठेवलं आणि कितीतरी रविवार तेच दाखवलं.

एकदा ती म्हणाली, "पप्पा, हे पान कधीचं असंच आहे. जवळून दाखवा ना."

"मेलाय तो," मी म्हणालो. "मीच मारला, वरून पाणी घालून."

"हौ का..." ती म्हणाली, "जाऊ द्या पप्पा. मुद्दाम थोडीच केलं तुम्ही?"

मुद्दाम केलेलं वेगळंच होतं. लग्नाच्या दिवशी ताप आलाय म्हणून कळवलं होतं मी. ताप नव्हता. मांडवात चारचौघांना तोंड दाखवायची लाज वाटली, एवढंच. हे त्या फोनवर ओठांवर आलं होतं, पण मी विचारलं, तिकडं पाऊस आहे का. आहे, म्हणाली. मग फोन ठेवला.

तेव्हापासून रविवारी मला फोन येत नाही. आईला येतो, स्वयंपाकघरातून दोघींचं हसणं ऐकू येतं. बायको म्हणते, "तुम्ही लावा की एकदा."

लावून काय दाखवू?